दारू थांबली की यकृत काय करते

हिंगोली जिल्ह्यात घरात कुणाला कावीळ झाली की स्वयंपाकातून सगळ्यात आधी हळद बंद होते. पिवळ्या आजारात पिवळे खायचे नाही, असा जुना समज. वसमत, कळमनुरी, औंढ्याच्या शिवारात हळदीचे पट्टेच्या पट्टे उभे असतात, शिमग्याच्या सुमारास शेताशेतात हळद शिजवायची धांदल उडते, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात सौदे होतात, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आणि याच जिल्ह्यात कावीळ झालेल्या माणसाच्या ताटात पिवळे वरण येत नाही. तिकडे मोबाईलवर मात्र रोज कुणीतरी सांगत असते की सकाळी अनशापोटी हळदीचे पाणी घ्या, लिव्हर धुऊन निघेल. एकीकडे हळदीची भीती, दुसरीकडे हळदीवर भरवसा. या गडबडीत एक साधी गोष्ट बोलायची राहून जाते: कावीळ झालेला माणूस कित्येक वर्षे रोज संध्याकाळी क्वार्टर पीत आला आहे.

हळदीने त्याचे यकृत बिघडलेले नाही आणि हळदीने ते सुधारणारही नाही. दारूने बिघडले आहे, आणि दारू थांबली तर त्यातले बरेचसे, कधी कधी सगळेच, भरून निघते. किती भरून निघेल हे कधी थांबलो यावर ठरते. पुढच्या पानांचा विषय एवढाच आहे. पण ‘दारू सोड’ हे सांगणे जितके सोपे, तितके ते सोडणे सोपे नसते, आणि चुकीच्या पद्धतीने सोडली तर जिवावरही बेतते. म्हणून पेशीपासून गावापर्यंतची सगळी गोष्ट एकत्र सांगायला हवी.

आधी हिशेब. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेले असते. म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये जवळपास ७७ मिलिलिटर, वजनाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मध्यम अंगकाठीच्या माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. रात्री नऊला क्वार्टर रिकामी झाली, तर यकृत पहाटे तीनपर्यंत, कधी सहापर्यंत त्याच कामाला जुंपलेले असते. लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. गुंगी उतरली, डोके हलके झाले, तरी पेशींचे काम चालूच असते.

दीड किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांखाली असतो. आतड्यांतून येणारे सगळे रक्त आधी त्यातून जाते, म्हणून प्यायलेली दारूही सगळ्यात आधी इथेच येते. यकृताची मुख्य पेशी अल्कोहोलचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करते, आणि मग दुसरा एन्झाइम त्याचे ॲसिटेट बनवतो. ॲसिटेट निरुपद्रवी. मधले ॲसिटाल्डिहाइड मात्र जहाल असते. ते प्रथिनांना चिकटते, डीएनएला इजा करते, पेशीच्या आतली वाहतूक ज्या सूक्ष्म नळ्यांवरून चालते त्या मोडते. पेशीने तयार केलेली प्रथिने आणि चरबी बाहेर पडेनाशी होतात, ती फुगते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा फुगलेल्या पेशींत प्रथिनांचे गुंतलेले पुंजके दिसतात. फ्रँक मॅलरी या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९११ साली त्यांचे वर्णन केले, आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जातात.

याच प्रक्रियेत पेशीतला नॅड नावाचा एक सहायक रेणू भराभर वापरला जातो. चरबी जाळायलाही तोच लागतो आणि उपाशीपोटी साखर तयार करायलाही. दारू जाळण्यात तो अडकला की चरबी जळायची थांबते आणि पेशीतच साठते. साखर बनवणेही मंदावते. दिवसभर शेतात राबून, न जेवता प्यायलेला माणूस रस्त्याकडेला पडलेला दिसतो, तेव्हा तो ‘टाइट’ आहे असे समजून लोक पुढे जातात. त्याच्या रक्तातली साखर घसरलेली असू शकते. ती वेळीच तपासली नाही तर मेंदूला कायमची इजा होते, माणूस दगावतोही. अशा माणसाला उठवून पाहा, उठला नाही तर दवाखान्यात न्या. एवढे तरी प्रत्येक गावाने पाळावे.

रोज ६० ग्रॅमहून अधिक पिणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जणांच्या यकृतात चरबी साठलेली असते. त्यांना काही म्हणता काही होत नाही. दुखत नाही, भूक लागते, काम होते. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ असे आले, की तो कागद फायलीत जातो. खरे तर सगळ्यात स्वस्तात, सगळ्यात पूर्ण बरे होण्याची वेळ तीच असते.

सतत पिणाऱ्याच्या यकृतात आणखी एक बदल होतो. नेहमीचा एन्झाइम कमी पडू लागतो तसा सीवायपी२ई१ नावाचा दुसरा एन्झाइम वाढतो. त्यामुळे दारू ‘पचायला’ लागते, आधी नाईंटीत चढायची ती आता क्वार्टरमध्येही चढत नाही, आणि आपली ताकद वाढली असे पिणाऱ्याला वाटते. (या सवयीत मेंदूचाही मोठा वाटा असतो.) पण हा एन्झाइम काम करताना घातक ऑक्सिजन-रेणू बाहेर टाकतो, जे पेशीचे आवरण आणि आतली ऊर्जाकेंद्रे जाळतात. तोच एन्झाइम पॅरासिटामॉलचेही विष बनवतो, आणि ते विष निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन रोज पिणाऱ्याकडे आधीच कमी असते. अंगदुखीसाठी किराणा दुकानातून आणलेल्या गोळ्या दिवसभर खायच्या आणि संध्याकाळी प्यायची, ही मजुरी करणाऱ्यांतली नित्याची सवय यकृतावर दुहेरी घाव घालते.

आतड्यांकडूनही मारा होतो. दारूने आतड्याचे अस्तर सैल पडते आणि जंतूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात मिसळून यकृतात पोचतात. तिथल्या पहारेकरी कुप्फर पेशी ते पाहून दाहक रसायने सोडतात. दाह वर्षानुवर्षे चालला की एरवी जीवनसत्त्व अ साठवून शांत बसलेल्या तारका पेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखमेवर व्रण धरावा तसा हा व्रण, पण अवयवभर. त्याची पुढची पायरी सिऱ्हॉसिस. हा शब्द रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ साली रूढ केला. स्टेथोस्कोप शोधला तोही त्यानेच.

‘खाऊन-पिऊन प्यायली तर काही होत नाही’ हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर ऐकू येते. मटणासोबत घेतली, वर दूध-तूप खाल्ले की दारू बाधत नाही, असा त्याचा अर्थ. पारावरच्या माणसाला हसण्याचे कारण नाही, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरातले डॉक्टरही हेच मानत. पिणारे नीट जेवत नाहीत, त्या कुपोषणाने यकृत जाते, दारूचा थेट दोष नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स लीबर यांनी हे मत मोडून काढले. पूर्ण सकस आहार घेणाऱ्या स्वयंसेवकांना दारू दिल्यावरही यकृतात चरबी साठते, हे त्यांनी दाखवले. पुढे १९७०च्या दशकात उत्तम आहारावर ठेवलेल्या बबून माकडांत दारूने थेट सिऱ्हॉसिसपर्यंतचे बदल होतात, हेही दाखवले. जेवण चांगले असेल तर इतर नुकसान कमी होते, हे खरे. पण तुपाने यकृताला कवच मिळत नाही.

मग सगळ्याच पिणाऱ्यांचे यकृत का जात नाही? शेजारचा सत्तरीतला माणूस अजून पितो आणि ठणठणीत आहे, हे उदाहरण प्रत्येक गावात असते. सतत भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांनाच सिऱ्हॉसिस होतो. त्यात अनुवंशाचा भाग आहे. पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांना धोका अधिक. पोट सुटलेले असणे, मधुमेह, हिपॅटायटिस बी किंवा सी, तंबाखू, सगळे त्यात भर घालतात. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने त्यांचे नुकसान लवकर होते. शेजारी वाचला म्हणून आपण वाचू याला काहीच आधार नाही, कारण आपण कुठल्या गटात आहोत हे पोटात पाणी होईपर्यंत बहुतेकांना कळत नाही.

पोटात पाणी होणे हा शब्द हिंगोलीच्या खेड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. ‘त्याचं पाणी काढलं’ म्हटले की ऐकणाऱ्याला आजार किती पुढे गेला ते कळते. यामागची गोष्ट पाटाच्या पाण्यासारखी आहे: पाटात आडवा बांध पडला की पाणी मागे तुंबते, काठ फोडून भलत्या वावरात शिरते. व्रणांनी घट्ट झालेल्या यकृतातून रक्त पुढे सरकत नाही, ते मागच्या शिरांत तुंबते. पोटाच्या पोकळीत पाणी झिरपते, प्लीहा सुजते, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. अमोनियासारखी द्रव्ये यकृताला टाळून मेंदूकडे जातात. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, घरच्यांची नावे विसरतो, हात पुढे धरले की ते पंखासारखे फडफडतात. कुणाला करणी वाटते, कुणाला वेड. हे यकृताचे लक्षण आहे आणि त्यावर औषध आहे.

हे सगळे व्हायच्या आधी ओळखता येते का? येते, आणि महागड्या यंत्राशिवायही. ‘फिब-४’ नावाचा एक हिशेब कुठल्याही लॅबच्या नेहमीच्या रिपोर्टवरून मांडता येतो. वय गुणिले एसजीओटी (हे आणि एसजीपीटी हे रक्तात मोजले जाणारे यकृताचे एन्झाइम). या आकड्याला, हजारांत लिहिलेल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. समजा माणूस ४५ वर्षांचा, एसजीओटी १२०, एसजीपीटी ५०, प्लेटलेट १ लाख १० हजार. वरचा आकडा ५,४००. पन्नासचे वर्गमूळ ७.१, गुणिले ११०, म्हणजे सुमारे ७८०. भागाकार ६.९. हा आकडा १.३च्या खाली असेल तर व्रणांची शक्यता कमी, २.६७च्या वर गेला तर बरीच. या माणसाने पुढची तपासणी लांबवता कामा नये. त्याच रिपोर्टात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे, ही दारूची नेहमीची खूण. दारूमुळे हे दोन्ही आकडे सहसा ४००च्या वर जात नाहीत. हजारांत गेले तर विषाणू, पॅरासिटामॉल किंवा दुसरे विष शोधावे लागते. नुकतेच भरपूर पिणे झाले असेल तर एसजीओटी फुगलेले असते आणि हिशेब चुकतो, म्हणून काही आठवडे दारू बंद ठेवून तो पुन्हा मांडतात. प्लेटलेट कमी होणे ही डेंग्यूचीच खूण नव्हे, प्लीहा सुजल्यानेही त्या घटतात, हे मात्र घराघरांत पोचायला हवे.

आता परत फिरण्याविषयी. नुसती चरबी साठलेली असेल तर दारू पूर्ण थांबल्यावर दोन ते सहा आठवड्यांत ती बहुतेक निघून जाते. नॅड मोकळा होतो, चरबी पुन्हा जळू लागते, आतड्याचे अस्तर सांधते, कुप्फर पेशी शांत होतात. काही महिन्यांत दाह ओसरतो. व्रणांचे काम सावकाश चालते, पण तेही चालते: जाग्या झालेल्या तारका पेशींतल्या काही मरतात, काही पुन्हा झोपी जातात, आणि कोलॅजन विरघळवणारे एन्झाइम धागे कातरू लागतात. उरलेल्या निरोगी पेशी दुभंगून जागा भरतात. यकृतदान करणाऱ्या माणसाचे अर्ध्याहून अधिक यकृत काढले तरी काही महिन्यांत ते जवळजवळ पूर्वीच्या आकाराचे होते. ही ताकद पिणाऱ्याच्या यकृतातही असते, दारू तिला दाबून ठेवते.

सिऱ्हॉसिस झाल्यावर सगळे पूर्ववत होईल असे सांगणे खोटे ठरेल. जुने, जाड, एकमेकांत गुंतलेले व्रण पुसले जात नाहीत. तरीही थांबण्याचा फायदा त्या टप्प्यावरही मोठा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पॉवेल आणि क्लॅट्स्किन या डॉक्टरांनी २७८ रुग्णांचा मागोवा घेऊन १९६८ साली निष्कर्ष छापले: सिऱ्हॉसिस झाल्यावर ज्यांनी दारू सोडली त्यांच्यातले ६३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, पीत राहिलेल्यांत सुमारे ४० टक्के. त्या काळात ना प्रत्यारोपण होते ना आजची औषधे. नुसत्या थांबण्याने एवढा फरक पडला. आता तर पोटातले पाणी, रक्ताची उलटी, भ्रम अशा सगळ्यातून गेलेला रुग्ण दारू सोडल्यावर औषधाशिवाय पुन्हा स्थिर होतो, अशी उदाहरणे इतकी आहेत की यकृततज्ज्ञांनी त्या अवस्थेची रीतसर व्याख्याच केली आहे. ‘आता सोडून काय उपयोग’ असे डॉक्टरांच्या खोलीबाहेर नातेवाईक म्हणतात, तेव्हा त्यांना हे आकडे सांगायला हवेत.

थांबायचे कसे, हा सगळ्यात अवघड प्रश्न. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भास होतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, ताप चढतो. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरते. नेमके याच वेळी घरचे घाबरून थोडी पाजतात, किंवा खोलीत कोंडतात. दोन्ही चूक. लॉराझेपामसारखे औषध मोजून देणे, थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ चे इंजेक्शन देणे, साखर आणि क्षार सांभाळणे हे काम ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा निदान तिच्यासोबतच थायमिन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावा’ असे म्हणत आलेल्या माणसाला डॉक्टरने दारूबद्दल विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही, तर घोटाळा इथेच होतो.

एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या असतात. या पुड्यांत काय असते हे पुडीवर लिहिलेले नसते. दारू सोडवण्याच्या औषधांत डायसल्फिराम हे एक जुने औषध आहे. कोपनहेगनमध्ये १९४८ साली त्याचा हा उपयोग पुढे आला. ते ॲसिटाल्डिहाइडचे ॲसिटेट होऊ देत नाही, त्यामुळे घोटभर दारूनेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणसाला ठाऊक असताना, त्याच्या संमतीने, यकृत तपासून दिले तर त्याला जागा आहे. पण चहात कालवून चोरून दिले आणि तो संध्याकाळी प्यायला, तर तो मरू शकतो. शिवाय हे औषध स्वतःच यकृताला इजा करू शकते. नवऱ्याच्या पिण्याला कंटाळलेली बाई अशी पुडी आणते तेव्हा तिच्या हाती दुसरे काही दिलेलेच नसते, हे लक्षात घेतले पाहिजे. दुसरे काही आहे. ओढ कमी करणाऱ्या औषधांपैकी बॅक्लोफेनची चाचणी सिऱ्हॉसिसच्या रुग्णांवरच झाली. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या इटालियन अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले, नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्के.

औषधाइतकेच माणसांचे बळ लागते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या पाठबळाने ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी घरांत व्यसन हा आजार म्हणून बोलायची सवय थोडी तरी लागली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मराठीतून चालतात. आणि हिंगोलीपुरते बोलायचे तर आणखी एक रस्ता फार जुना आहे. नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते, आणि या भागात ‘त्यानं माळ घातली’ म्हणजे त्याने पिणे सोडले, हे सांगायला दुसरे वाक्य लागत नाही. माळेने माणसाला नवी संगत मिळते, संध्याकाळी दुकानाऐवजी भजनाला जायला जागा मिळते, आणि गावाची नजर त्याच्या बाजूने उभी राहते. व्यसनमुक्तीच्या शास्त्रात ज्याला आधारगट म्हणतात तो हाच. फक्त माळ घालण्याच्या आठवड्यात दवाखान्याशीही गाठ घालून दिली, तर थरथर आणि फिटमुळे माळ उतरण्याची वेळ येणार नाही.

मग पथ्य. कावीळ झाली की तेल बंद, वरण बंद, अंडी बंद, नुसता उसाचा रस आणि फुटाणे, ही पद्धत दारूच्या रुग्णाला मारक आहे. सिऱ्हॉसिसमध्ये यकृतात साखरेचा साठा उरत नाही. एका रात्रीच्या उपासाने त्याच्या शरीराची अवस्था धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी होते आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. त्याला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वरण, दूध, दही, अंडी, शेंगदाणे, मटकी-मुगाची उसळ यांतून ती मिळवावी लागतात. झोपताना दूध-भाकरी किंवा शेंगदाण्याचा लाडू खाणे हा औषधाचाच भाग. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, म्हणजे लोणचे, पापड, खारे दाणे बंद. आणि हळद? फोडणीतली हळद खुशाल खावी.

कॅप्सूलमधली हळद मात्र वेगळी. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या दोन-चार टक्के असते आणि त्यातले थोडेच रक्तात जाते. कॅप्सूलमध्ये ते एकवटलेले असते, वर ते अधिक शोषले जावे म्हणून मिऱ्यातले पायपरीन मिसळतात. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या संशोधन-जाळ्याने २०२२ साली हळदीच्या अशा पूरकांमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. पाच जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले, एक दगावला. गुळवेलीचेही तसेच. कोरोनाच्या काळात मुंबईत २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती छापली. आधीच जखमी असलेल्या यकृताला ‘नैसर्गिक’ म्हणून काहीही देऊ नये, एवढा धडा त्यातून पुरेसा आहे. लिव्हर टॉनिकची बाटली संपवून वर पीत राहणाऱ्याला ती बाटली वाचवत नाही.

दारूने एकाएकी चढलेली तीव्र कावीळ हा वेगळा, गंभीर आजार. त्यात निवडक रुग्णांना प्रेडनिसोलोन देतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत त्याचा लाभ थोडाच, तोही पहिल्या महिन्यापुरता दिसला. शेवटचा उपाय प्रत्यारोपण, ज्यासाठी अवयव हवा, पैसा हवा आणि दारू सुटलेली हवी. हिंगोलीच्या बहुतेक घरांना पहिल्या दोन गोष्टी परवडत नाहीत, म्हणून तिसरीवर भर द्यायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे सुमारे १४ टक्के पुरुष दारू पीत होते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९च्या पाहणीत देशभरात दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचे आढळले. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, त्यामुळे नांदेड-संभाजीनगरची धाव थोडी तरी कमी व्हावी.

पण दुकान रोज संध्याकाळी उघडे असताना एकट्या माणसाने किती झुंजायचे? दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचे रेशनिंग झाले आणि काही वर्षांतच सिऱ्हॉसिसचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. रेशनिंग उठल्यावर ते पुन्हा वाढले. कुणीही नवे औषध शोधले नव्हते. महाराष्ट्रात गावाच्या हाती २००८च्या शासन आदेशाने ‘आडव्या बाटली’चे मतदान दिले आहे. किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान होते, आणि एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. यातला ‘एकूण नोंदलेल्या’ हा भाग फार महत्त्वाचा. गावात ८०० महिला मतदार असतील तर २०० सह्या आणि ४०१ मते लागतात. ऊसतोडीला गेलेली बाई मतदानाला आली नाही तर तिची अनुपस्थिती दुकानाच्याच बाजूने मोजली जाते. म्हणून मागणी करणाऱ्या बायांनी टोळ्या गावी परतण्याचा काळ धरून सह्यांचे काम सुरू करावे.

आणि दुकान बंद होण्याची तारीख ठरली की त्याच आठवड्यात आशाताईंनी रोज पिणाऱ्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. त्या माणसांना पहिल्या तीन दिवसांत थरथर सुटेल, काहींना फिट येईल, काही जण हातभट्टीच्या शोधात निघतील. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलने. केंद्रावर लॉराझेपाम आणि थायमिनचा साठा आहे का, रात्री फिट आलेल्या माणसाला कुठल्या वाहनातून न्यायचे, तालुक्याच्या रुग्णालयात त्या तीन दिवसांसाठी खाटा मिळतील का, हे ग्रामसभेत मतदानाआधीच विचारून घ्यावे.